कारभाऱ्याच्या मापाचा लंगोट

आमच्या वस्तीत सासरेबुवा म्हटलं की एकच माणूस. खरं तर त्यांना मूल ना बाळ, मग सून कुठली आणि जावई कुठला. पण त्यांच्या दारात एक बोकड होता, काळाकुळकुळीत, छाती काढून उभा राहणारा, आणि वस्तीतली शेळी माजावर आली की तिचा रस्ता त्या दारावरूनच जायचा. बोकडाला ते लेक मानायचे. म्हणजे येणाऱ्या शेळ्या सगळ्या सुना, आणि हे सगळ्यांचे सासरे. हे नाव कुणी चेष्टेत पाडलं असणार, पण त्यांनी ते पदवीसारखं अंगावर घेतलं, आणि पुढे त्यांचं खरं नाव त्यांच्या बायकोलासुद्धा आठवून सांगावं लागायचं.

बोकडाचं नाव कारभारी. ते बायकोने ठेवलेलं. ती शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिचं मशीन, आणि खिडकीच्या बाहेर हातभरावर कारभाऱ्याचा खुंटा. मशीनवरून मान न वळवता ती हाक मारायची, "अहो, कारभाऱ्याला पाणी दाखवा." नवऱ्याला कारभारी म्हणणं तिने त्या दिवसापासून सोडलं. का म्हणून विचारलं तर सांगायची, घरात कारभार कोण करतो ते एकदा ठरलेलं बरं.

सासरेबुवांच्या दारात शेळी आणायची म्हणजे रीतसर काम असायचं. फाटकाशी उभं राहायचं. ते आधी शेळीभोवती फिरायचे, दात बघायचे, खूर उचलून बघायचे, आई कोण, आजी कोण, आजीने किती करडं दिली, सगळं विचारायचे. मग "बसा" म्हणायचे, ते माणसाला. आतलं काम पाणी पिऊन होईपर्यंत उरकायचं, बाहेरची बोलणी मात्र लांबायची. निघताना शेळीच्या पाठीवरून हात फिरवून म्हणायचे, "सांभाळा आमच्या सुनेला, उन्हात फार फिरवू नका." मोबदला म्हणून चाऱ्याचा एक भारा. पण भाऱ्यापेक्षा त्यांना ती बोलणी गोड लागायची, हे सगळ्यांना माहीत होतं.

त्या घरातली एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. लग्नानंतर काही वर्षं पाळणा हलला नाही, तेव्हा सासरेबुवांच्या आईने सुनेला दवाखाने दाखवले. जवळचे, लांबचे, गोळ्यांचे, सुयांचे. सासरेबुवा दर वेळी सोबत जायचे आणि बाहेर टपरीवर चहा घेत बसायचे. एका डॉक्टरने निरोप पाठवला की नवऱ्यालाही आत पाठवा, त्यांचीही एक तपासणी करू. सासरेबुवांनी निरोप नीट ऐकला आणि दुसरा चहा मागवला. पुढे दवाखाने संपले, आईही गेली, आणि खोट बाईत आहे असं वस्तीने आपलं आपण ठरवून टाकलं. बाईने वाद घातला नाही. तिचं मशीन जुनं होतं, आवाज मोठा करायचं, बाहेरचं बोलणं फारसं ऐकू यायचं नाही.

तर एका उन्हाळ्यात कारभाऱ्याला ताप आला. जबरी ताप. जीभ बाहेर, डोळे मिटलेले. सासरेबुवांनी त्याच्या अंगावर ओली गोणपाटं टाकली आणि त्याच्या शेजारी अंथरूण टाकलं. बोकड वाचला. उठला, खायला लागला, पूर्वीसारखा घमघमायला लागला. रुबाब तोच, उडी तीच. फक्त शेळ्या उलटायला लागल्या. म्हणजे भेट होऊन गेली तरी गाभण राहायच्या नाहीत, पुन्हा माजावर यायच्या, पुन्हा फाटकाशी उभ्या.

पहिल्यांदा ते म्हणाले, चारा बरोबर नसेल. दुसऱ्यांदा म्हणाले, उन्हात फिरवली असेल. तिसऱ्यांदा शेळीभोवती फेरी मारून, मान हलवून सांगायचे, "शेळीतच खोट आहे." त्यांचा शब्द म्हणजे निकाल. मग शेळीवाला ती शेळी कसायाकडे नेऊन सोडायचा. दोन वर्षं हे चाललं. कसाई सोडून कुणाचं भलं झालं नाही. पोस्टमनची शेळीही तीनदा उलटली आणि तिलाही तोच निकाल मिळाला. पण पोस्टमनची बायको हट्टाची. म्हणाली, माझी शेळी आहे, खोट असली तर खोटीसकट माझी आहे. आणि तिने शेळी ठेवून घेतली.

याच सुमारास वस्तीच्या कडेला केंद्र उभं राहिलं. आत पांढऱ्याशुभ्र शेळ्या, त्यांच्या गळ्याखाली दोन-दोन लोंबत्या गाठी, आणि भोवती दुहेरी कुंपण. त्या शेळ्यांच्या बीजात माणसाचा एक गुण घातलेला आहे, त्यामुळे त्यांच्या दुधातून औषध येतं, असं कळलं. काही माणसांचं रक्त अंगातल्या अंगातच गोठतं, त्यांच्यासाठी. दूध प्यायचं नाही, त्यातून औषध वेगळं काढायचं आणि सुईने टोचायचं. केंद्राच्या डॉक्टरबाई, वयाने लहान पण आवाज ठणठणीत, वस्तीत येऊन हे समजावून सांगून गेल्या. कसायाने विचारलं, अशी शेळी कापली तर कलम कुठलं लागेल? दुसऱ्याने विचारलं, माणसाचा अंश नेमका किती? बाई म्हणाल्या, अख्ख्या शहराच्या मतदार यादीत एक नाव पाहुण्याचं असावं, तेवढा. कसाई म्हणाला, बाई, कधीकधी निवडणूक त्या एका मतावरच फिरते. बाई हसल्या, आणि म्हणाल्या की म्हणूनच कुंपण दुहेरी आहे.

सासरेबुवांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, तिथे शेळ्या सांभाळायला लागला. त्याच्याकडून नियम घोटून घेतलेला. फाटकं दोन, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. वस्तीत निम्म्या घरांना धड एक दार नव्हतं आणि तिथल्या बोकडाला दोन फाटकं, यावर बरेच दिवस बोलणी झाली.

आता लंगोटाची गोष्ट. बोकड कळपात मोकळा असला आणि शेळ्या अवेळी गाभण राहू नयेत असं वाटलं, तर त्याच्या पोटाखाली जाड कापडाचं झापड बांधतात. त्याला आम्ही लंगोट म्हणतो. उडी मारली तरी मध्ये कापड येतं आणि प्रकरण तिथेच थांबतं. सासरेबुवांच्या बायकोचे लंगोट आजूबाजूच्या गावांत नावाजलेले. कॅनव्हासचं कापड, दुहेरी शिवण, पाठीवर बक्कल. केंद्रानेही त्यांच्या पांढऱ्या बोकडासाठी एक सांगून पाठवला. तिने भावाच्या हातात टेप दिली, माप घेऊन ये म्हणाली.

सासरेबुवा दारात बसले होते. त्यांना हे लागलं. म्हणाले, "माप कशाला? आमच्या कारभाऱ्याच्या मापाने शिव. याच्याएवढा बोकड या भागात जन्माला आलेला नाही. त्या पांढऱ्याला उलट सैलच होईल."

बायको म्हणाली की ज्याने घालायचं त्याच्याच अंगाचं माप घ्यावं. पोट आत ओढून दिलेल्या मापांच्या पँटी तिने जन्मभर शिवल्या होत्या, आणि त्या दुसऱ्याच आठवड्यात उसवायला परत आलेल्या पाहिल्या होत्या. पण सासरेबुवा रुसले. म्हणाले, म्हणजे माझ्या शब्दापेक्षा टेप मोठी. मेहुण्याने टेप परत ठेवली. बहिणीचा नवरा, त्याला कोण दुखावणार? लंगोट कारभाऱ्याच्या मापाने शिवला गेला आणि केंद्रात गेला.

त्या मोसमात सासरेबुवांच्या दारात नेहमीएवढ्या शेळ्या आल्या नाहीत. लोक निम्मे दुसऱ्या गावाला जायला लागले होते. ज्या पाच-सहा आल्या त्या एकाच दिवशी आल्या, सकाळी कारभाऱ्याला भेटल्या आणि दुपारी माळावर चरायला सुटल्या. आणि काय सांगावं, सगळ्याच्या सगळ्या गाभण राहिल्या. पोस्टमनची सुद्धा. चौथ्यांदा आणली तेव्हा सासरेबुवांनी तिच्याकडे बघितलंही नव्हतं, "आणलीच आहे तर सोडा आत" एवढंच म्हणाले होते.

मग काय विचारता. सासरेबुवा रोज दाढी करायला लागले. शेळ्यांची पोटं सुटत गेली तसं यांचंही सुटत गेलं. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगायचे, मध्यंतरी जरा विश्रांती घेतली होती त्याने, एवढंच. दुसऱ्या गावाला गेलेले लोक मान खाली घालून परत आले, पुढच्या मोसमाची बोलणी करून गेले.

करडं झाली. काळ्या बोकडाला भेटलेल्या तपकिरी आणि काळ्या सुनांना करडं झाली ती सगळी पांढरी.

वस्ती बघायला जमली. सासरेबुवांनी एक करडू उचललं, उन्हात धरलं, उलटसुलट फिरवलं. गळ्याखालच्या दोन गाठी अंगठ्याने दाबून पाहिल्या. म्हणाले, "आजीवर गेलंय. कारभाऱ्याची आजी गोरी होती."

कसायाने विचारलं की आजी गोरी होती ते ठीक, पण आजोबा कुंपणाच्या कुठल्या बाजूला राहायचे? लोक हसले आणि घरी गेले. कुणी जास्त खोदलं नाही. करडं टुणटुणीत होती, शेळ्यांना दूध आलं होतं, आणि सासरेबुवांचं मन मोडून कुणाला काय मिळणार होतं?

एकटा मेहुणा वाळत चालला. शेवटी एका दुपारी तो बहिणीच्या खोलीत येऊन कापडाच्या ढिगावर बसला. सासरेबुवाही तिथेच, बटणांचा डबा निवडत होते. मेहुणा म्हणाला, "दाजी, लंगोट आखूड पडला."

मग सगळं बाहेर आलं. चाऱ्याची गाडी दोन फाटकांच्या मधल्या जागेत मावत नव्हती, म्हणून त्याने दोन्ही फाटकं एकदम उघडली. बोकड शेजारून सटकला. मेहुण्याने फार मनावर घेतलं नाही, लंगोट होता ना. पांढरा बोकड दुपारभर माळावर राहिला आणि चारा टाकायच्या वेळेला जावयासारखा आपला आपण परत आला. तेव्हा मेहुण्याने नीट बघितलं. कापड पोटाच्या मध्यावरच संपत होतं. पुढचं सगळं उघडं.

बहिणीने भावाकडे बघितलंच नाही. नवऱ्याकडे बघत म्हणाली, "माप कुणाचं होतं?"

सासरेबुवांनी बटणं निवडणं चालू ठेवलं. झालं ते झालं, म्हणाले. कुणाला कळलेलं नाही. मेहुण्याची नोकरी राहील, करडं लोकांकडे राहतील, कारभाऱ्याचं नाव राहील. वाईट कुणाचं होतंय?

बायकोने सुईत दोरा ओवला. मग तिने विचारलं, मागच्या दोन वर्षांत कसायाकडे गेल्या त्या शेळ्यांमध्ये काय खोट होती?

"असेल काहीतरी."

"खोट दर वेळी शेळीतच कशी निघते हो?" ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता तिने मशीन सुरू केलं.

सासरेबुवा उठून बाहेर गेले आणि कारभाऱ्यासमोर उकिडवे बसले. दोघं बराच वेळ एकमेकांकडे बघत होते. बोकड रवंथ करत होता, एवढाच फरक.

पुढे जे व्हायचं तेच झालं. डॉक्टरबाई पोस्टमनच्या गल्लीतून चालल्या होत्या, आणि समोरून दोन पांढरी करडं उड्या मारत आली, गळ्याखाली गाठी हलवत. बाई जागच्या जागी थांबल्या. दुसऱ्या दिवशी सगळे शेळीवाले सासरेबुवांच्या अंगणात जमले. तिथेच, कारण अशा गोष्टींचं कोर्ट तेच होतं.

बाईंनी सरळ सांगितलं. ही करडं केंद्राच्या बोकडाची असावीत असा संशय आहे. कापूस लावलेली काडी करडाच्या गालाच्या आतून फिरवायची, तेवढ्यावर तपासणी होते. ज्यात तो गुण उतरला असेल ते करडू केंद्रात येईल, त्याला मारणार नाही, आणि बदल्यात दुसरं करडू देऊ. ज्यात उतरला नसेल ते तुमचं तुम्हाला. साधारण निम्म्यांत उतरतो. मात्र मालकाने हो म्हटल्याशिवाय एकाही करडाला हात लावणार नाही.

अंगण तापलं. एक जण म्हणाला, आमच्या शेळीच्या अब्रूवर काडी फिरवणार? दुसरा मक्याचं शेत करायचा, तो म्हणाला की मक्याचं बी बदललं तेव्हा आम्हाला कुणी विचारलं होतं, आता करडांची एवढी काळजी कशाला? बाई म्हणाल्या, तेव्हाही विचारायला हवं होतं. म्हणून आता विचारते आहे.

मग पोस्टमन उठला. हृदयाच्या दुखण्यानंतर त्याला रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या. दाढी करताना जरा कापलं तर दुपारपर्यंत कापूस धरून टपाल वाटायचा. आणि त्याला दूध चालायचं ते शेळीचंच. त्याने विचारलं, यातलं एखादं मोठं झालं, व्यायलं, आणि मी त्याचं दूध प्यायलो, तर?

बाई म्हणाल्या, "बहुतेक काहीच होणार नाही. ते पोटात गेलं की पचून जातं, म्हणून तर आम्ही सुईने देतो. पण बहुतेक या शब्दावर मी तुमच्या कपात काही घालणार नाही. ते घालायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं."

पोस्टमनने बायकोकडे बघितलं. बायकोने सासरेबुवांकडे. म्हणाली, "भाऊजी, तुम्ही म्हणाल ते. तुम्ही म्हणालात कारभाऱ्याची, तर कारभाऱ्याची."

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. सासरेबुवांचा शब्द म्हणजे शब्द. बाईंनी हातातल्या काड्यांची पुडी खाली ठेवली. त्या म्हणाल्या, ज्यांचा बोकड त्यांनी खात्रीने सांगितलं तर मी परत जाते. तुम्हीच सांगा.

मेहुणा कुंपणाशी उभा राहून स्वतःच्या चपलांकडे बघत होता. नेमकी त्याच वेळी सासरेबुवांची बायको चहाचे कप घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यात थांबली. मशीन बंद होतं. एवढी शांतता त्या घरात आम्ही कधी ऐकली नव्हती.

सासरेबुवा उभे राहिले. घसा खाकरला. कारभाऱ्याच्या शिंगावर हात ठेवला, म्हणजे धीर त्याला देत होते की त्याच्याकडून घेत होते, कळलं नाही.

"कारभाऱ्याची नाहीत," ते म्हणाले. "ताप आला तेव्हापासून याच्याकडून काहीही झालेलं नाही. मला कळलं होतं. शेळ्या चांगल्या होत्या."

कुणीतरी म्हणालं, मग तुम्ही तर सांगायचात की शेळीतच...

"सांगायचो. खोट शेळीत नव्हती. खोट घरच्यात होती, आणि घरच्याला तपासायला न्यायची मला लाज वाटली." इथे ते थांबले. आता बोकडाकडे बघत नव्हते, उंबऱ्याकडे बघत होते. "आधीही वाटली होती."

कसाई, जो कधी गप्प बसत नाही, त्याने टोपी काढून पुन्हा घातली. पोस्टमनच्या बायकोने पदराचं टोक तोंडाशी धरलं. ती हसत होती की काय ते विचारण्यात अर्थ नव्हता.

सासरेबुवांची बायको पायरी उतरली, नवऱ्यासमोर आली आणि कप पुढे केला.

"ऐकलं," ती म्हणाली. "चहा घ्या, निवतोय."

मेहुण्याने मग फाटकांचंही सांगून टाकलं. त्याला शेळ्यांवरून काढलं आणि चाऱ्याच्या गाडीवर घातलं. ती गाडी आता आखूड केली आहे. सगळ्यांनी काड्या फिरवू दिल्या. निम्मी करडं केंद्रात गेली. पोस्टमनच्या जोडीतलं एक गेलं, एक राहिलं. पोस्टमनची बायको अधूनमधून गेलेल्याला बघायला जाते, दोन फाटकांतून, पाय धुवून, अंगावर पांढरा डगला चढवून. परत आली की नवऱ्याला ऐकवते, तिथे त्याला वेळेवर खायला मिळतं, वेळेवर डॉक्टर मिळतो, आणि टपाल वाटावं लागत नाही.

सासरेबुवांच्या दारी आता शेळ्या येत नाहीत. कुणी सवयीने आणलीच तर ते दुसऱ्या गावचा रस्ता दाखवतात आणि तरीही दात, खूर, आजी सगळं विचारून घेतात. नाव काही गेलं नाही, सासरेबुवाच आहेत ते.

केंद्राने नवा लंगोट सांगितला तेव्हा बायकोने टेप भावाच्या नाही, नवऱ्याच्या हातात दिली. ते गेले, पांढऱ्या बोकडाचं माप घेतलं आणि परत येऊन खिडकीशी उभे राहिले. शेजारीच कारभारी बांधलेला. सासरेबुवांनी खाली वाकून, तोंडावर हात धरून आकडा सांगितला.

"काय?" बायको म्हणाली.

त्यांनी कारभाऱ्याकडे डोळ्यांनी खूण केली आणि पुन्हा तसंच पुटपुटले.

"मोठ्याने सांगा, मशीन चालू आहे."

सासरेबुवांनी एकदा कारभाऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, "याच्यापेक्षा वीतभर मोठा."